‘आलं तसं पाठवलं’ म्हणून सुटका होते का?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



गुरुवारची बैठक झाली, आरती झाली, प्रसादाची पंगत बसली की बोलणं फिरून फिरून मोबाईलवर येतंच. माणूस भालकीचा असो, बसवकल्याणचा असो की आळंदचा, याबद्दल प्रत्येकाकडं मत तयार असतं. कोणत्या कंपनीची रेंज शेतात येते आणि कोणाची उदगीरच्या रस्त्याला लागलं की जाते. फोनपे बरं की रोकड बरी. पोरांना रील बघायचं वेड लागलं ते कुणामुळं. नातू म्हणतो, यूट्यूबवर गणित चांगलं कळतं; आजी म्हणते, त्याच्या पायी रोज ताट थंड होतं. शेवटी एखादे जाणते अण्णा सगळ्याचा निकाल लावून टाकतात: "सुरीनं भाजी पण चिरते आणि बोट पण. सुरीचा काय दोष?" सगळे माना हलवतात, ताक येतं, विषय संपतो.

सुरीचा दाखला ऐकायला बरोबर वाटतो, पण या वस्तूला तो पुरता लागू पडत नाही असं आम्हाला वाटतं. सुरी एका वेळी एकाच हातात असते. कुणी कापलं हे कळतं. मोबाईलवरचा मजकूर मात्र हजार हातांतून जातो, प्रत्येक हात त्याला थोडा पुढं ढकलतो, आणि विचारायला गेलं तर एकही हात आपला नसतो. "मी कुठं लिहूलालो? आलं तसं पाठवलो." हे वाक्य ज्या घराच्या ग्रुपवर कधीच आलं नाही असं घर आपल्या भागात शोधावं लागेल.

तर या वेळच्या पत्रात विषय एवढाच. लिहिलं दुसऱ्यानं, आपण फक्त पुढं पाठवलं. त्याचा दोष कुणाकडं जातो?

बहुतेक वेळा या पाठवण्यानं कुणाचं काही बिघडलेलं दिसत नाही, म्हणून तर सवय लागते. रात्री साडेबारा ते साडेतीन फोन बंद ठेवा, आकाशातून घातक किरणं जाणार आहेत, हा निरोप कितीतरी वर्षं फिरतोय, आणि दर वेळी ती रात्र ‘आजचीच’ असते. व्हॉट्सॲपवर तिसरी निळी खूण दिसली म्हणजे सरकारनं तुमचा मेसेज वाचला. हा संदेश वीस जणांना पाठवला नाही तर उद्यापासून पैसे पडतील. वाचून माणूस हसतो, आणि हसत हसत पाठवतो. पाठवायला काय लागतं?

पण हसण्याच्या गोष्टीला दुखणं कधी चिकटतं ते कळत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या उन्हाळ्यात, माणसं रोगानं मरत नाहीत, ५जी च्या टॉवरमुळं मरतायत, असं सांगणारे आवाज या फोनवरून त्या फोनवर फिरत होते. शेवटी दूरसंचार खात्याला जाहीर करावं लागलं की देशात ५जी ची चाचणीसुद्धा अजून कुठं सुरू झालेली नाही. सेवा सुरू झाली ती २०२२ च्या ऑक्टोबरात. म्हणजे जे नेटवर्क उभंच राहिलं नव्हतं त्याच्यावर मरणाचा आळ आला. आता ज्याच्या घरात ताप होता आणि ज्यानं हे खरं मानलं, त्यानं दवाखान्याकडं बघायचं की टॉवरकडं? असं किती घरांत झालं याची मोजदाद कुणाकडं नाही. पाठवणाऱ्यांना तर ते कधीच कळलं नसेल.

आपल्या जिल्ह्याला मात्र एकदा फार स्पष्ट कळलं.

१३ जुलै २०१८, शुक्रवार. हैद्राबादचे काही तरुण औराद भागात ओळखीच्या लोकांकडं आले होते. शाळेतली लेकरं दिसली तशी त्यांनी त्यांना चॉकलेटं दिली. त्या दिवसांत आपल्याकडं सगळीकडं एकच हवा होती, मुलं पळवणारी टोळी आली आहे म्हणून. परक्या माणसाच्या हातात चॉकलेट दिसलं आणि संशय उठला, बोलाचाली झाली, तरुण गाडीत बसून निघाले. कुणीतरी चित्रण केलं आणि ग्रुपवर टाकलं. गाडीच्या आधी निरोप पुढच्या गावात पोचला. मुर्कीला रस्ता अडवलेला होता. गाडी उलटली, आणि जमावानं त्यांना बाहेर ओढून मारलं. पोलीस वाचवायला आले, त्यांनाही मार बसला. त्यातला एक तरुण, शिकलेला, सॉफ्टवेअर इंजिनिअर, जिवानिशी गेला. बाकीचे गंभीर जखमी झाले. पुढं तीसच्या आसपास लोकांना अटक झाली. त्यात व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिनही होता.

मुर्की काही दूरचं गाव नाही. आपल्यातल्या कितीजणांचे सोयरे त्या बाजूला आहेत. तिथली माणसं रोज सकाळी उठून शेतावर जाणारी, देवाला हात जोडणारी, आपल्यासारखीच. म्हणून तर ही गोष्ट ‘ते लोक’ म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्यांनी काठ्या चालवल्या त्यांचा हिशोब कायद्यानं मांडला. पण त्या संध्याकाळी ज्यांनी घरी बसून, चहा पिता पिता, ‘हे बघा, आले, सावध राहा’ म्हणून अंगठा लावला, त्यांचं काय? ते कुठंच गेले नाहीत. त्यांनी कुणाला बोट लावलं नाही. आणि तरी त्यांच्याशिवाय ती गर्दी जमली नसती.

त्याच्या बाराच दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला हेच झालं होतं. तिथं पाच जण मारले गेले. ते बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्याचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुलं पळवणारे म्हणून त्यांना पकडलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं.

इथं आपल्या लोकांनी जरा थांबावं. आपण गाणगापूरला जातो. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करतो, आणि दुपारी भिक्षा वाढतो, मधुकरी मागतो. का? तर दुपारच्या वेळी महाराज स्वतः कोणत्या ना कोणत्या रूपात भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे म्हणून. झोळी पुढं करणारा फाटका माणूस कोण आहे हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत नसतं म्हणूनच आपण त्याला हात जोडून वाढतो. एकाच अज्ञानाची ही दोन फळं बघा. ‘हा कोण आहे मला ठाऊक नाही’ म्हणून गाणगापुरात नमस्कार, आणि ‘हा कोण आहे मला ठाऊक नाही’ म्हणून राईनपाड्यात काठी. मधल्या जागेत काय आलं? मोबाईलवरचा एक निरोप आला, ज्यानं सांगितलं की झोळीवाला कोण आहे ते आम्हाला ठाऊक आहे.

त्या दिवसांत जे व्हिडिओ फिरत होते त्यातला एक सगळ्यांना आठवत असेल. मोटारसायकलवरून दोघं येतात आणि गल्लीत खेळणारं लेकरू उचलून नेतात. तो व्हिडिओ खरा होता, म्हणजे खरोखर चित्रित केलेला होता. पण तो होता कराचीचा. तिथल्या एका संस्थेनं लोकांना मुलांबद्दल सावध करायला बनवलेली ती छोटी जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. शेवटचा तेवढा तुकडा कुणीतरी कापला. जे काळजीपोटी बनवलं होतं त्याचंच हत्यार झालं, आणि त्यासाठी एक खोटा शब्दही लिहावा लागला नाही. नुसतं कापून पुरलं.

यावर एखादी आई म्हणेल, आणि बैठकीत हा प्रश्न आला पण होता: "समजा टोळी खरंच आली असती तर? मी गप्प बसले आणि शेजारणीचं लेकरू गेलं तर ते पाप कुणाचं?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लेकराची भीती हा दोष नव्हे. भीती वाटली तर जिचं लेकरू आहे तिला हाक मारावी, स्वतःचं दार लावावं, ठाण्यात फोन करावा. यातली प्रत्येक गोष्ट ओळखीच्या माणसाशी बोलून होते, आणि समोरचा ‘कुठं पाहिलंस, कधी पाहिलंस’ असं विचारू शकतो. दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकलेल्या निरोपाला असं विचारायला कुणी नसतं. आईनं शेजारणीला सांगितलं तर भीती दोन घरांत वाटली जाते. ग्रुपवर टाकलं तर तीच भीती दोनशे पट होते, आणि लेकरू होतं तेवढंच सुरक्षित राहतं.

आता मूळ प्रश्नाकडं येऊ. आपल्याकडं पापाचे तीन प्रकार लहानपणापासून ऐकलेले आहेत: कायेनं केलेलं, वाचेनं केलेलं, मनानं केलेलं. फॉरवर्ड यातल्या कोणत्या खान्यात बसतो? बोटानं होतो, म्हणजे कायेचा. काम करतो वाणीचं. आणि मन? मन तर तिथं नसतंच. पाठवणारा टीव्ही बघत असतो, भाजी निवडत असतो. म्हणून तो म्हणतो, माझ्या मनात काही वाईट नव्हतं. ते खरंच असतं. वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं, मनात काहीच नव्हतं.

काहींचं म्हणणं, मन नव्हतं तर दोष नाही. आम्हाला उलट वाटतं. वाणीच्या बाबतीत मन जागेवर नसणं हाच दोष आहे. माळ ओढताना मन बाजारात असलं तर त्या जपाला आपण जप म्हणत नाही. गुरुचरित्राच्या सप्ताहात एखादं अक्षर चुकलं तर मागं जाऊन ओवी पुन्हा वाचतो, पारायणाला बसलेली म्हातारी माणसं सुद्धा. सात दिवस एकेका अक्षराची काळजी घेणारा तोच माणूस आठव्या दिवशी न वाचता आठ-दहा पानी मजकूर चाळीस घरांत पाठवतो. वाणी तीच आहे ना?

कुणी म्हणेल, न वाचता नक्कल करणारे पूर्वीही होते. होते. हाताने पोथ्या उतरवणारे लेखक पोथीच्या शेवटी लिहून ठेवत की जसं पुस्तक समोर पाहिलं तसंच मी लिहिलं, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. आजच्या ‘आलं तसं पाठवलं’चा हा पणजोबाच म्हणायचा. पण पणजोबा आणि पणतू यांच्यात फरक आहे. पोथी उतरवायला महिने जात, डोळे जात, पाठ जात असे. ज्यानं एवढं सोसलं त्यानं ‘चूक झाली असेल तर क्षमा करा’ म्हटलं तर ती नम्रता होती. आणि त्याच ओळींच्या जवळ पुष्कळदा तो स्वतःचं नाव घालत असे, गाव घालत असे, शके आणि तिथी घालत असे. दोष देऊ नका म्हणताना सुद्धा मी कोण आणि कुठं सापडेन हे तो सांगून ठेवत असे. आपल्या फॉरवर्डवर काय असतं? नाव नाही, गाव नाही, तिथी नाही. तीन वर्षांपूर्वीचा पूर ‘आत्ताच’चा म्हणून येतो तो त्यामुळंच.

नाव नसतं म्हटलं, पण एक नाव असतंच. ज्याच्या फोनवरून आलं त्याचं. ते लक्षात यावं म्हणून बिदरचीच एक जुनी गोष्ट सांगतो.

बिदर शहरात चौबाऱ्यापासून किल्ल्याकडं जाताना महमूद गावानचा मदरसा लागतो. दोनातला एक मिनार उभा आहे, त्यावर अजून निळ्या-हिरव्या फरशीचे तुकडे दिसतात. शाळेच्या सहलीला आपण सगळे तिथं गेलेलो आहोत. गावान इराणातल्या गिलानहून आलेला, बहमनी राज्याचा वजीर झाला, १४७२ मध्ये त्यानं ही विद्याशाळा बांधली. राज्य त्यानं इतकं नीट बसवलं की दरबारातल्या लोकांना त्याचा जाच होऊ लागला. मग त्यांनी काय केलं, ते फरिश्ता नावाच्या इतिहासकारानं लिहून ठेवलं आहे. गावानचा शिक्का सांभाळणाऱ्या नोकराला दारू पाजली आणि कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला. नंतर त्या कागदावर त्यांनी ओडिशाच्या राजाला पत्र लिहिलं, की या, राज्य घ्या. पत्र सुलतानापुढं गेलं. गावानला विचारलं तेव्हा तो म्हणाला की शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. ते कुणी ऐकलं नाही. १४८१ च्या एप्रिलमध्ये त्या म्हाताऱ्या वजिराचं डोकं उडवलं गेलं. सुलतानाला पुढं पश्चात्ताप झाला, आणि वर्षभरात तोही गेला. त्यानंतर बहमनी राज्य फुटत गेलं आणि त्याचे पाच तुकडे झाले.

या गोष्टीत सुलतानानं पत्रावर विश्वास ठेवला तो मजकूर पटला म्हणून ठेवला असं नाही. शिक्का ओळखीचा होता. घरच्या ग्रुपवरही तसंच चालतं. कुण्या अनोळखी माणसानं रस्त्यात येऊन सांगितलं की अमुक पाणी प्यायल्यानं किडनी धुतली जाते, तर आपण पुढं चालू लागू. तेच ‘काकांनी’ पाठवलं की वहीत लिहून ठेवतो. मजकूर कुणा अज्ञात माणसाचा असतो, शिक्का काकांचा असतो. आणि तो शिक्का काका स्वतः, शुद्धीत असताना, कोऱ्या कागदावर उमटवून देत असतात. गावानच्या नोकराला निदान दारू पाजावी लागली होती.

मद्रास उच्च न्यायालयापुढं २०२३ मध्ये असाच एक खटला होता. एका माजी आमदारानं फेसबुकवर महिला पत्रकारांबद्दल घाणेरडा मजकूर टाकला होता आणि कोर्टात म्हणणं मांडलं होतं की मी वाचला नव्हता, आला तसा पुढं पाठवला. न्यायालयानं ते मानलं नाही. धनुष्यातून बाण सुटावा तसा संदेश सुटतो, एकदा सुटला की परिणामाची जबाबदारी सोडणाऱ्याची, असा त्या निकालाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयानंही त्यांना दिलासा दिला नाही. उलट बाजूनं, सदस्यानं टाकलेल्या मजकुरासाठी नुसता ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला आपोआप दोषी धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलं होतं. ‘ॲडमिन बघून घेईल’ म्हणणाऱ्यांनी हे पण वाचून ठेवावं.

कायद्यापेक्षा मोठा शिक्का आपल्या ग्रुपांवर फिरतो, तो महाराजांच्या नावाचा. हे लिहिणं भाग आहे. ‘हा संदेश अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत चांगली बातमी येईल, दुर्लक्ष करणाऱ्याचं नुकसान झालं’ असा मजकूर महाराजांच्या फोटोखाली अधूनमधून येतो. आपल्यातल्या वयस्क मंडळींना पोस्टकार्डांचा जमाना आठवत असेल. कुण्या देवाच्या नावानं कार्ड यायचं, अकरा कार्डं लिहून पाठवा म्हणून. तेव्हा निदान अकरा कार्डं विकत आणून हातानं लिहावी लागत, आणि लिहिता लिहिता चौथ्या कार्डाला माणसाच्या मनात यायचं की हे काय चाललंय. आता चौथं कार्ड येतच नाही. ज्या गुरूंनी आयुष्यभर माणसाला निर्भय व्हा म्हणून सांगितलं, त्यांच्याच फोटोखाली ‘नुकसान होईल’ ही धमकी बसते, आणि भक्तच ती वाटत राहतात. महाराज जे बोलले नाहीत ते त्यांच्या नावावर घालणं याला भक्ती कशी म्हणायची? वाक्य कितीही गोड असो. उलट गोड वाक्याची चौकशी कुणी करत नाही, म्हणून तिथं जास्त जपावं लागतं.

सुरीच्या दाखल्याचं एक राहिलं. साधन अगदीच निर्दोष असतं हेही खरं नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि महिनाभर पुरवून वापरायचं नेट रोज वापरूनही संपेना. आपल्या खेड्यांत फोन आणि फुकटासारखं नेट एकदमच आलं, आणि या वस्तूशी कसं वागायचं याची रीत बसायला वेळच मिळाला नाही. दोन वर्षांत मुर्की झालं. मुर्की आणि राईनपाड्याच्या त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपनं पुढं पाठवलेल्या मजकुरावर तसं लिहायला सुरुवात केली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. २०२० च्या एप्रिलमध्ये, फार वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. त्यानंतर तसा मजकूर फिरणं ७० टक्क्यांनी कमी झालं असं कंपनीचंच म्हणणं आहे. म्हणजे मूठ बदलली की सुरी कमी कापते. मग आधीची मूठ वाईटच होती की! कंपन्यांना हे विचारलं पाहिजे, आणि ‘साधन निर्दोष’ म्हणून त्यांना सोडून देऊ नये.

पण कंपनी मजकूर वाचू शकत नाही. तो पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. खरं-खोटं तिला दिसत नाही. त्या दोन बाणांच्या खुणेचा अर्थही आपल्याकडं उलटा लावला जातो. ‘पुष्कळ वेळा पाठवलेलं’ म्हणजे जपून वाचा, असं ती सांगते; लोक समजतात, एवढ्या जणांनी पाठवलं म्हणजे खरंच असणार. शेवटचं दार आपल्याच अंगठ्यापाशी आहे.

आता जी गोष्ट सगळ्यात अवघड आहे ती. समजा एखाद्या घरी सासरे ग्रुपवर टाकतात की अमुक पाल्याचा काढा पंधरा दिवस घेतला की शुगरची गोळी बंद करता येते. सून दवाखान्यात काम करणारी आहे. तिला ठाऊक आहे की हे खोटं आहे, आणि हेही ठाऊक आहे की ग्रुपमधल्या आत्याबाई उद्यापासून गोळी सोडतील. पण मामंजींना, चाळीस माणसांसमोर, ‘हे चुकीचं आहे’ असं कसं म्हणायचं? तिनं म्हटलं तर ‘चार बुकं शिकली आणि तोंड फुटलं’. नाही म्हटलं तर आत्याबाईंची साखर. ती बहुतेक वेळा गप्प बसते. कधी आत्याबाईंना वेगळा फोन करून, आडून आडून सांगते. खरं सांगणं हा धर्म, वडिलांचा मान हाही धर्म, आणि दोन्ही एकाच बोटाखाली आलेले.

आम्हाला वाटतं, या कोड्यात सुनेला शहाणपण शिकवत बसण्यात अर्थ नाही. कोडं तिनं घातलेलं नाही. ज्याला घरात कुणी उलटून बोलत नाही त्याचा शिक्का सगळ्यात जड असतो, म्हणून तपासायचं ओझंही त्याच्यावरच जास्त. लहान पोरानं काही टाकलं तर दहा जण त्याला टोकतात, त्याची चूक तिथंच मरते. आजोबांची चूक कुणी टोकत नाही, ती नांदेडपर्यंत जाते. मोठ्यांना मान दिला जातो तो त्यांनी पारखून बोलावं म्हणूनच ना? ग्रुपवर टाकायच्या आधी ‘सूनबाई, हे जरा बघ गं, खरं आहे का’ एवढं विचारलं तर मान कमी होत नाही. तिला बोलायची वाट मिळते. आणि चुकून गेलंच, कुणी लक्षात आणून दिलं, तर त्याच ग्रुपवर, त्याच चाळीस जणांसमोर, ‘वरचं बरोबर नाही, गोळी सोडू नका’ असं स्वतः लिहावं. नुसतं पुसून टाकल्यानं भागत नाही. आत्याबाईंनी ते सकाळीच वाचलेलं असतं.

गेल्या दोन बैठकांत यावर बोलणं झालं, आणि आपल्या ग्रुपांपुरतं काही ठरलं आहे ते कळवतो. महाराजांच्या नावानं जे जाईल ते फक्त मठातून, तारीख घालून जाईल. बाकी कुठून आलं तर आधी सेवेकऱ्यांना विचारावं. औषधपाण्याचा, चोराचिलटाचा, मुलं पळवण्याचा, दंग्याचा, बँकेचा आणि मोबाईलचा मजकूर टाकणाऱ्यानं वर एक ओळ स्वतःच्या शब्दांत लिहायची: हे मला कुणाकडून आलं आणि यातलं मी स्वतः काय पाहिलं आहे. ‘काहीच पाहिलं नाही’ असं असेल तर तसंच लिहायचं. तेवढी ओळ लिहायला जो वेळ लागतो त्यातच पुष्कळ मजकूर आपोआप गळून पडेल असा आमचा अंदाज आहे.

काहींनी विचारलं, मग सकाळचे सुप्रभात आणि फुलं पाठवायची की नाहीत? खुशाल पाठवा. म्हाताऱ्या माणसाचा सकाळी फुलाचा फोटो आला म्हणजे ते उठले, बरे आहेत, एवढं घरच्यांना कळतं. त्याला कोण कशाला अडवेल? फोनची मेमरी भरली तर नातवाकडून पुसून घ्या.

येत्या गुरुवारी मुर्कीचा आणि सुनेचा, दोन्ही विषय पुन्हा घ्यायचे आहेत. औरादकडच्या मंडळींनी जरूर यावं. आणि या वेळी बोलण्याचा क्रम बदलला आहे: आधी सुना आणि पोरं बोलतील, मग आपण मोठे.